मायला सांगू नको

शैलाताई,

आज पुन्हा मानवतला तुमच्या घरी जाऊन आले. पुढच्या खोलीत सतरंजी तशीच अंथरलेली आहे. टेबलावर तुमचा फोटो आहे आणि फोटोतही तुम्ही काढणाऱ्यावर वैतागलेल्याच आहात. दाराशी तुमच्या चपला आहेत, त्या उचलायचं अजून कुणाला सुचलेलं नाही, किंवा धाडस झालेलं नाही. मी गेले की तुमची माय मला हाताला धरून शेजारी बसवते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "हिला इचारा. ही व्हती संगं."

मग मी सांगते. जिंतूरकडून परत येत होतो, बसमध्ये ताईंच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम आला, ड्रायव्हरनं एकही थांबा न घेता गाडी थेट परभणीच्या दवाखान्यात नेली, डॉक्टर धावले, पण उपयोग झाला नाही. ऐकणारे सुस्कारा सोडतात. "पुण्यवान बाई. बसल्या जागी गेली, तरास न्हाई झाला," म्हणतात. तुमचे सुधाकरभाऊ दाराला टेकून मान हलवतात. माय हलवत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत असते.

ताई, तुमचा राग आलाय मला, हे आधीच सांगून टाकते. असं काही तरी माझ्या पदरात टाकून कुणी जातं का? इतकी वर्षं आम्हाला सांगत आलात की दुःखातल्या माणसानं समोरासमोर विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आपल्यावरचा विश्वास हीच त्याच्याकडची शेवटची काठी असते. आणि स्वतः जाताना म्हणालात, मायला सांगू नको. आता मी करू तरी काय? माय अजून विचारत नव्हती, पण विचारणार हे मला दिसत होतं. रोज मानवतच्या बसमध्ये चढताना हेच मनात असायचं. आज विचारेल. आज नाही तर उद्या.

आपण करतो ते काम काय आहे, हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. वीज पडून माणूस गेलं, कुणी नदीत बुडालं, कुणी रस्त्यावर गेलं, की आपल्या संस्थेकडून त्या घरी जायचं, हे त्यांना समजतं. पुढचं समजत नाही. "लोकांच्या घरी जाऊन नुसतं बसायचा पगार मिळतो व्हय तुला?" असं त्यांनी विचारल्याचं मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसून हसून बेजार झालात. "बरोबर बोलल्या त्या. बसायचाच पगार आहे. पण बसता येत नाही ना लोकांना. बसायच्या आधी बोलतात."

हे मला उद्देशून होतं, कळलं मला. ताडकळसजवळच्या एका गावात आपण पहिल्यांदा बरोबर गेलो, तेव्हा मोटारीचा शॉक लागून नवरा गेलेल्या बाईपुढे मी पुण्यात शिकलेलं वाक्य म्हणाले होते, "मी तुमचं दुःख समजू शकते." तुम्ही मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलंत. "काय समजू शकतेस? तुझा नवरा जिवंत आहे. दुपारी तू त्यानं निवडलेली मेथी खाल्लीस माझ्यासमोर." मला रडू फुटलं तर तुम्ही उभ्याच राहिलात, डोळे पुस म्हणाला नाहीत. मग तिथंच, शेणाच्या वासात, तुमची बंदी घातलेली वाक्यं मला ऐकवलीत. रडू नका. देवाची इच्छा. काही होत नाही. मी समजू शकते.

"मग बोलायचं काय?"

"पाणी आणू का, विचारायचं. घरात लेकरं जेवलीत का, विचारायचं. म्हातारी माणसं झोपली का, विचारायचं. मग गप्प बसायचं. तुला जड जाईल."

गेलं जड. मी मूळची बडबडी. पण तुमच्यासारखी गप्प बसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि बाहेर पडल्यावर तुमच्याइतकी बोलणारीही नाही. बसमध्ये खिडकीची जागा पटकावायची, पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढायचे, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायचा आणि मग माझ्याशी. माझ्याशी घातलेला सगळ्यात मोठा वाद तसाच राहिला आहे, तो आठवतो ना?

आपल्याकडे माणूस गेलं की भेटायला येणारा दारातच विचारतो, "कसं काय झालं वो?" आणि घरच्यांनी ते पहिल्यापासून सांगायचं. पहिला उठतो तोवर दुसरा येतो. त्यालाही पहिल्यापासून. दिवसभर तेच. मला हा शुद्ध छळ वाटायचा. जखम रोज उघडी करायची आणि वर चहा प्यायचा! मी म्हणायचे, दारात कुणालातरी उभं करा, तो सांगेल, आतल्या माणसाला विचारू नका. तुम्ही म्हणायच्या, "सांगू दे गं. आधी ती गोष्ट माणसाच्या अंगावर बसलेली असते. सांगून सांगून ती शेजारी बसते. मग त्याला तिच्याकडे बघता येतं."

जिंतूर तालुक्यातल्या कौसाबाईंच्या घरी मी माझंच खरं केलं. सोयाबीन काढताना वीज पडून मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. मी त्यांच्या पुतण्याला ओट्यावर उभं केलं, येईल त्याला तिथंच सगळं सांगायला लावलं. लोक आत येऊन गुपचूप बसायचे आणि गुपचूप उठायचे. मला वाटलं, किती शांत झालं घर. तुम्ही कोपऱ्यात बसून बघत होतात. मग कुठली तरी लांबची नणंद आली, तीही न विचारता बसली, आणि कौसाबाई एकदम ओरडल्या, "आगं, मला इचार की! माझा लेक गेलाय, मला कुनीच कामून इचारंना?" नणंदेनं विचारलं. कौसाबाईंनी सांगितलं, आभाळ कसं भरून आलं इथपासून. मी खाली मान घालून ऐकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे तुमचे उपकार.

पण पूर्णेकडच्या त्या मुलीच्या वेळी माझं खरं ठरलं. तिच्या समोर बहीण बुडाली होती. येणारे विचारायचे आणि ती सांगायची, प्रत्येक वेळी आवाज आणखी सपाट, बातम्या वाचल्यासारखा. शेवटी तर ती बोलत होती आणि डोळे भलतीकडेच होते. मी उठून दारात उभी राहिले आणि म्हणाले, आता कुणी विचारायचं नाही. एक काका माझ्यावर भडकले. तुम्ही त्यांना हाताला धरून बाहेर नेलंत. परतीच्या बसमध्ये तुम्ही शेंगदाणे काढलेच नाहीत. परभणीचा स्टँड दिसायला लागला तेव्हा म्हणालात, "तुजंबी खरं हाय वंदे." चिडलात किंवा हरलात की तुमची भाषा मानवतची व्हायची.

"मग निकाल काय?"

"निकाल सावकाश लावू. घाई हाय का कुठं?"

एक गोष्ट मात्र आपल्या दोघींनाही मान्य होती. माणूस गोष्ट सांगताना कुठं उडी मारतं, ते बघायचं. सगळं सांगतं, बारीकसारीक सांगतं, आणि एका ठिकाणी टांग टाकून पलीकडे जातं. प्रत्येक वेळी तिथंच. "तिथं खड्डा असतो," तुम्ही म्हणायच्या. "हाताला धरून ओढायचं नाही. आपण अलीकडं बसून राहायचं. त्याला उतरायचं असलं तर आपण हाय, एवढं त्याला दिसलं पाहिजे."

आता त्या दिवसाचं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच होतात. पण मला सांगायचंय.

कौसाबाईंनाच भेटून येत होतो. त्यांनी दोघींना कापसाच्या वाती दिल्या होत्या, घरच्या कापसाच्या. तुम्ही खुशीत होतात. बोरी मागे पडली आणि तुम्ही शेंगदाण्याची पुडी माझ्या मांडीवर ठेवलीत. "धर गं जरा," म्हणालात. मी बघितलं तर तुमचा चेहरा ओला झालेला. मी कंडक्टरला हाक मारली. पुढचं सगळं खरं आहे, मी लोकांना सांगते ते. ड्रायव्हर खरंच कुठे थांबला नाही. मागच्या सीटवरच्या एका बाईनं पदरानं वारा घातला. कुणी तरी फोन लावत होतं.

आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. धरलं म्हणजे काय, नखं रुतवलीत. इतक्या घरांमध्ये मी तुमचे हात पाहिले होते, कधी घाई नसलेले. ते हात हे नव्हते. "लय भ्याव वाटायलंय गं वंदे," तुम्ही म्हणालात. "लय."

माझ्या तोंडाशी काय आलं असेल? काही होत नाही, ताई. जिभेच्या टोकावर होतं. तुम्हीच घातलेली बंदी, आणि तुमच्याचसमोर ती मोडू? मला दुसरं काही सुचेना. शेवटी म्हणाले, "हो ताई. मी हाय." तेवढंच. ते पुरलं का हो? मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं मला आतून कुरतडतंय.

मग तुम्ही म्हणालात, "मायला सांगू नको. मी भ्याले म्हणून." दोनदा म्हणालात. मी मान हलवली. झरी आली तेव्हा तुमचा हात सैल झाला.

तेव्हापासून मी घड्याळ उजव्या मनगटात घालते. तिथे तुमच्या नखांच्या खुणा आहेत, त्या झाकायला. काळ्या पडल्यात.

दुसऱ्या दिवशीच सुधाकरभाऊंनी मला अंगणात बाजूला घेतलं होतं. "मॅडम, माय थकलेली आहे. ताई शांतपणे गेली, एवढंच तिच्या कानावर राहू द्या." त्यांचं काय चुकलं? मी त्यांना हो म्हणाले. तुम्हाला हो, त्यांना हो. आणि मायशेजारी बसून दिवसातून कितीतरी वेळा तीच गोष्ट, दरदरून घाम आला आणि गाडी थेट दवाखान्यात. आपण ज्या घरांत बसतो, तिथली माणसं कशी सांगतात ते मला आतून कळलं, ताई. पहिल्यांदा सांगताना शब्द सापडेनात. मग वाक्यं घडी पडल्यासारखी झाली. बोलत असताना माझं निम्मं लक्ष मायकडे असायचं. ती काही म्हणायची नाही. लुगड्याचा काठ चिमटीत धरून सरकवत राहायची, आणि मी घामावरून दवाखान्यावर आले की तिची चिमूट थांबायची. दर वेळी. मला ते दिसायचं आणि मी नजर फिरवायचे.

आज दुपारी माणसं जराशी पांगली. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या टेम्पोंची घरघर रस्त्यावर चालू होती. सुधाकरभाऊ दारात उभे होते. माय म्हणाली, "वंदना, तू समदं सांगतीस. घामाचं सांगतीस, डायवरचं सांगतीस. घाम आला म्हणतीस अन् एकदम दवाखानाच येतो. मदला रस्ता कुठं गेला?"

मी घड्याळाचा पट्टा चाचपला.

"बोरीपासून परभनी काय जवळ हाय व्हय? तेवढ्या रस्त्यात माझी लेक कायच बोलली न्हाई? गप बसनारी हाय का ती?"

सुधाकरभाऊंनी मायच्या मागून मला मानेनं नको म्हटलं. फोटोतून तुम्ही बघत होतात, तुमचंही नकोच होतं. दोघंही बहीण-भाऊ एकीकडे. मी तुमचंच शिकवलेलं आठवत होते, की उत्तर द्यायच्या आधी माणूस का विचारतंय ते बघ. मी मायकडे नीट पाहिलं. ती मला धरत नव्हती, ओढत नव्हती. मला खरंच वाटलं, ही अलीकडे बसलीय. माझ्यासाठी बसलीय. खड्डा माझा आहे.

"भ्याल्या होत्या ताई," मी म्हणाले.

"मॅडम, अहो," सुधाकरभाऊ पुढे आले. मायनं मागे न बघता त्यांच्याकडे हात केला, थांब असा.

"काय म्हनली?"

"लय भ्याव वाटायलंय म्हणाल्या. आणि म्हणाल्या, मायला सांगू नको."

काही क्षण तिचा चेहरा हललाच नाही. मला वाटलं, संपलं. मारलं मी हिला. तुमचा शब्द मोडला, भाऊंचा मोडला, आणि हातात काय आलं? मग तिच्या घशातून एक आवाज निघाला. हुंदका असेल म्हणून मी सरसावले. ताई, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि हसणं, दोन्ही एकदमच.

"येडी. मला सांगू नको म्हने! आगं, पाल दिसली का माझ्या लुगड्यात शिरायची ती. आभाळ गडगडलं का आजूनबी माझ्याच पलंगावर येऊन निजायची, एवढी घोडी झाली तरी. अन् वरून मलाच म्हनायची, माय, तुला भ्याव वाटंल म्हनून आले." ती थांबली. "मी सरकून घ्यायची जरा. मीबी कधी बोलले न्हाई."

तुम्ही, ताई? वीज पडलेल्या किती घरांत मी तुमच्याबरोबर बसले. आभाळ वाजत असताना बसले. तुम्ही हलायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, ह्या बाईला भीती नावाची गोष्टच माहीत नाही, माझ्याच्यानं असं कधी व्हायचं नाही. आणि तुम्ही रात्री घरी जाऊन मायच्या कुशीत शिरत होतात! मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? मी किती वर्षं उगीच स्वतःला कमी समजत राहिले. रागही आला आणि तुमच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की वाटलं, आत्ता तुम्ही समोर असतात तर तुमच्या गळ्यातच पडले असते.

मग माय खरी रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आवाज काढून. सुधाकरभाऊ खाली बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तेही रडले.

जरा वेळानं तिनं विचारलं, "हात कुनाचा व्हता हातात?"

"माझा."

"घट धरला व्हता का?"

मी घड्याळ काढलं आणि मनगट तिच्यापुढे केलं. ती वाकली, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग त्या खुणांवरून अंगठा फिरवला, एकेका नखावरून, लहान लेकराची नखं तपासावीत तसा. "नखं कापायचा कटाळाच तिला," म्हणाली. मनगट तिनं कितीतरी वेळ सोडलं नाही.

तेवढ्यात गल्लीतली कुणी बाई दारात आली. सतरंजीवर टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कसं काय झालं वो?" सवयीनं मी तोंड उघडलं. मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छातीत दुखायलं तिच्या," माय म्हणाली. "बोरीच्या म्होरं. घाम आला. लय भ्याली लेक माझी. पन ही व्हती संगं. हिचा हात धरला व्हता तिनं, झरीपस्तोर. मंग दवाखाना आला."

सगळा रस्ता आला त्यात, ताई. आपला वाद अजून सुटलेला नाही. त्या पूर्णेच्या मुलीला मी उद्याही विचारू देणार नाही कुणाला. पण आज माय सांगत होती आणि तिची चिमूट कुठेच थांबली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमचा शब्द मी मोडला. भांडायचं असेल तर भांडा, मी ऐकून घेईन.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून मी नुसती उठले. बाहेर तुमच्या चपलांपाशी आले आणि तिथंच ओट्यावर बसकण मारली. बसमध्ये रडले नव्हते, दवाखान्यात नव्हते, इतके दिवस मायशेजारी बसून नव्हते. ते सगळं एकदम आलं. शेजारच्या मावशी धावत आल्या, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको बाई. देवाची इच्छा."

एका दमात दोन. तुम्ही असतात तर खेकसला असतात त्यांच्यावर.

"मावशी, मला रडू द्या," मी म्हणाले. आवाज चढलाच जरा.

त्या दचकल्या. मग पदर सावरून माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मंग पानी आनू का थोडं?"

मी हो म्हणाले.